संगणकाचा वेग : आज्ञावली, अनुवादक आणि प्रक्रियक

निपाणी आणि परिसरातील गावांत बिडी वळण्याचे काम आजही घरोघर चालते. हे काम करणाऱ्या स्त्रीची बैठक लक्षपूर्वक पाहिली, तर संगणकाच्या वेगाविषयीचा एक अवघड पाठ तेथेच सोपा होऊन मिळतो. तिच्या मांडीवर सूप असते. सुपात कापलेली पाने, थोडा जर्दा आणि दोऱ्याचे रीळ एवढेच सामान असते. भिजवलेल्या पानांची जुडी हाताच्या अंतरावर फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते, उरलेला माल घरातील कोपऱ्यात असतो, आणि मूळ साठा कारखान्याच्या वखारीत. प्रत्येक पानासाठी ती वखारीपर्यंत जाऊ लागली, तर तिचा हात कितीही चलाख असला तरी दिवसाकाठी शंभर बिड्याही होणार नाहीत. तिचा वेग बोटांच्या चपळाईवर जेवढा अवलंबून आहे, तेवढाच तो सामानाच्या मांडणीवर आणि कामाच्या क्रमावर अवलंबून आहे.

संगणकाचेही असेच आहे. बहुतेक लोकांची समजूत अशी असते की, संगणक संथ वाटू लागला की नवा विकत घेणे हाच उपाय. पुष्कळदा हा उपाय अनावश्यक ठरतो. तेच यंत्र, तीच माहिती आणि तेच उत्तर कायम ठेवून आज्ञावलीचा वेळ निम्म्यावर, कित्येकदा दशांशावरही आणता येतो. यासाठी दोन बाजूंनी प्रयत्न होतात. एक बाजू अनुवादकाची, म्हणजे कंपायलरची. दुसरी प्रक्रियकाच्या, म्हणजे प्रोसेसरच्या रचनेची. या दोन बाजूंचे नाते समजून घेणे हा या पाठाचा उद्देश आहे.

अनुवादक म्हणजे काय

प्रक्रियकाला मराठी, कन्नड किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीच भाषा समजत नाही. त्याला समजतात त्या मोजक्या यांत्रिक सूचना : अमुक जागेतील संख्या आण, या दोहोंची बेरीज कर, उत्तर तमुक जागी ठेव. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकासाठी सूचना अशाच यंत्रभाषेत लिहाव्या लागत. हे काम अत्यंत कष्टाचे व चुकांना वाव देणारे होते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत आज्ञावली लिहावी आणि तिचा यंत्रभाषेत अनुवाद दुसऱ्या एका आज्ञावलीनेच करावा, ही कल्पना त्यातून पुढे आली. अमेरिकेत जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा अनुवादक १९५७ मध्ये पूर्ण केला. त्या काळच्या जाणकारांना शंका होती की, यंत्राने केलेला अनुवाद कुशल माणसाच्या लेखनाइतका वेगवान असणे शक्य नाही. म्हणून बॅकस यांच्या गटाने केवळ बिनचूक अनुवादावर न थांबता वेगवान अनुवादावर प्रारंभापासून भर दिला. इष्टतमीकरण, म्हणजे ऑप्टिमायझेशन, हे शास्त्र असे अनुवादकाच्या बरोबरच जन्मास आले. पुढे या विषयाला पद्धतशीर पाया घालून देणाऱ्या फ्रान्सेस ॲलन यांना २००६ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

मजुरीच्या हिशेबाचे उदाहरण

बिडीची मजुरी दर हजारी ठरते. मूळ दर अधिक महागाई भत्ता, आणि भत्ता निर्देशांकानुसार, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. समजा, चार हजार कामगारांची सव्वीस दिवसांची मजुरी काढणारी आज्ञावली कोणा लिपिकाने लिहिली. प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक दिवसासाठी ती पुढीलप्रमाणे काम करते : चालू निर्देशांकातून पायाभूत निर्देशांक वजा करावा, त्याला प्रतिअंश दराने गुणावे, त्यात मूळ दर मिळवावा, आलेल्या दराने बिड्यांच्या संख्येस गुणावे, हजाराने भागावे आणि एकूण रकमेत मिळवावे. नोंदी एकंदर १,०४,००० आणि प्रत्येक नोंदीस सहा क्रिया.

आता पहिल्या तीन क्रियांकडे पाहावे. महिनाभर निर्देशांक तोच, प्रतिअंश दर तोच, मूळ दरही तोच. उत्तर कधीच बदलत नाही. तरीही आज्ञावली ते १,०४,००० वेळा नव्याने काढते. चांगला अनुवादक हे ओळखतो आणि तीन क्रिया आवर्तनाच्या बाहेर, प्रारंभी, एकदाच करून ठेवतो. ३,१२,००० क्रियांच्या जागी तीन क्रिया उरतात. लिपिकाच्या मूळ लेखनात एक अक्षरही बदलत नाही.

उरलेल्या क्रियांत भागाकार ही सर्वांत महाग क्रिया आहे. प्रक्रियकाला बेरजेस एक ठोका लागतो असे धरले, तर गुणाकारास तीन-चार ठोके आणि भागाकारास त्याहून कितीतरी अधिक ठोके लागतात. परंतु भाजक हजार हा कायमचा ठरलेला आहे. अशा वेळी अनुवादक भागाकाराऐवजी एका सोयीस्कर मोठ्या संख्येने गुणून उत्तराचे अंक उजवीकडे सरकवण्याची युक्ती योजतो. पूर्णांकांच्या बाबतीत उत्तर तंतोतंत तेच येईल, अशी ती संख्या गणिताने निवडलेली असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. अनुवादकाला वेग वाढविण्याची मुभा आहे, उत्तर बदलण्याची नाही. शाळेतील गणितात संख्येला आधी हजाराने भागून मग दराने गुणले काय, किंवा आधी गुणून मग भागले काय, फरक पडत नाही. संगणकातील पूर्णांकांच्या भागाकारात मात्र अपूर्णांक टाकून दिला जातो. एखादीने दिवसात ८५० बिड्या केल्या असतील, तर ८५० भागिले हजार याचे पूर्णांकी उत्तर शून्य येते, आणि शून्याला कोणत्याही दराने गुणले तरी मजुरी शून्यच. म्हणून असा क्रमबदल अनुवादक कधीही स्वतःहून करीत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने तो केला, तर ती चूक त्याची. आणि तिचा भुर्दंड पडेल तो मात्र वळणारीवर.

याहून सूक्ष्म उदाहरण पाहू. दर हजारी २१० रुपये ७५ पैसे, म्हणजे २१,०७५ पैसे, असा दर केवळ हिशेबापुरता गृहीत धरू. ८५० बिड्यांची मजुरी १७,९१३.७५ पैसे होते. अपूर्णांक टाकला की १७,९१३. सव्वीस दिवसांचे ४,६५,७३८ पैसे. याउलट महिन्याच्या सर्व बिड्या, म्हणजे २२,१००, प्रथम एकत्र करून शेवटी एकदाच गुणाकार-भागाकार केला, तर ४,६५,७५७ पैसे येतात. दुसरी रीत सव्वीस भागाकारांऐवजी एकच भागाकार करते, म्हणजे ती वेगवान आहे, आणि कामगाराच्या पदरी १९ पैसे अधिकही पडतात. चार हजार कामगारांच्या बाबतीत हा फरक ७६० रुपये होतो. तरीही अनुवादकाने हा बदल आपणहून करता कामा नये, आणि तो करीतही नाही, कारण उत्तर बदलते. मजुरी दररोज पूर्णांकात आणावी की महिन्याअखेर, हा निर्णय करारनाम्याचा व नियमांचा आहे, यंत्राचा नव्हे. हिशेबाच्या आज्ञावल्या वापरणाऱ्या कार्यालयांनी हा प्रश्न आज्ञावली लिहून घेण्यापूर्वीच विचारावा हे बरे.

पवईचे संशोधन

वरील उदाहरणात कोणती क्रिया अनावश्यक आहे हे उघड दिसत होते. खऱ्या आज्ञावलीत वाटा फुटतात, पुन्हा मिळतात, आणि एखादी क्रिया एका वाटेवर अनावश्यक तर दुसऱ्या वाटेवर आवश्यक असते. फ्रान्समधील मोरेल व रेन्व्हॉइझ यांनी अशा अंशतः अनावश्यक क्रिया शोधण्याची एक रीत १९७९ मध्ये मांडली. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी या रीतीतील उणिवांवर १९८० च्या दशकात काम केले आणि तिच्या सुधारित रीती १९८८ व १९९१ च्या शोधनिबंधांतून प्रसिद्ध केल्या.

ही कल्पना रस्त्यांच्या उदाहरणाने समजेल. निपाणीहून बेळगावी जाणारे काही लोक चिकोडीवरून जातात आणि काही संकेश्वरवरून. चिकोडीच्या वाटेवर कागदपत्रे साक्षांकित करून मिळतात असे समजू. संकेश्वरच्या वाटेवर ती सोय नाही. बेळगावातील कार्यालय कोण कोठून आले हे न पाहता सर्वांचीच कागदपत्रे पुन्हा साक्षांकित करते. म्हणजे चिकोडीवरून आलेल्यांचे काम दोनदा होते. उपाय असा की, संकेश्वरच्या वाटेवरही एक टेबल मांडावे आणि बेळगावचे टेबल उठवावे. मग कोणत्याही वाटेने आले तरी काम एकदाच होईल.

परंतु टेबल नेमके कोठे मांडावे? ते संकेश्वर गावातच ठेवले, तर तेथून गडहिंग्लजकडे वळणाऱ्यांनाही रांगेत उभे राहावे लागेल, आणि त्यांना तर या कागदाची गरजच नाही. म्हणून टेबल गावात न ठेवता, फाटा ओलांडल्यावर बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तुकड्यावर ठेवले पाहिजे. क्रिया थांब्यावर न ठेवता दोन थांब्यांना जोडणाऱ्या दुव्यावर ठेवावी, हा ढमढेरे यांच्या १९८८ च्या रीतीतील महत्त्वाचा विचार होय. ऐकताना ही गोष्ट साधी वाटते. तथापि हजारो वाटा असलेल्या आज्ञावलीत कोणाचेही काम न वाढवता सर्वांचे दुहेरी काम टाळणे, आणि तेही अनुवादास फार वेळ न लावता, ही सोपी बाब नाही. याच संस्थेत पुढे प्रा. उदय खेडकर, प्रा. अमिताभ संन्याल आणि त्यांचे सहकारी यांनी हा अभ्यास चालू ठेवला. खेडकर, संन्याल व बागेश्री करकरे यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. जगभर विनामूल्य वापरल्या जाणाऱ्या जीसीसी या अनुवादकाच्या अभ्यासासाठी तेथे एक केंद्रही उभे राहिले.

प्रक्रियकाची रचना

आता पुन्हा सुपाकडे वळू. आधुनिक प्रक्रियकाचे घड्याळ सेकंदाला सुमारे तीन अब्ज ठोके देते. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशाचा किरणसुद्धा केवळ दहा सेंटिमीटर जातो. साहजिकच दूरच्या स्मृतीतून संख्या आणणे ही प्रक्रियकाच्या दृष्टीने लांबची यात्रा ठरते. म्हणून स्मृतीचे थर केलेले असतात. प्रक्रियकाच्या अगदी मांडीवर काही मोजक्या नोंदजागा असतात. त्यांतील संख्या तत्काळ मिळते. त्यापलीकडे थोडी शीघ्रस्मृती, म्हणजे कॅश. तेथून आणण्यास चार-पाच ठोके लागतात. मुख्य स्मृती म्हणजे वखार. तेथील खेपेस शे-दोनशे ठोके सहज जातात. कोणत्या संख्या नोंदजागांत ठेवायच्या आणि कोणत्या परत पाठवायच्या, हे अनुवादक ठरवतो. शीघ्रस्मृतीचा कारभार मात्र प्रक्रियक स्वतःच पाहतो.

वखारीतून एकेक पान कोणी आणत नाही, जुडीच आणतात. प्रक्रियकही एका खेपेस साधारणतः ६४ बाइटांची जुडी आणतो. एका संख्येस चार बाइट धरले, तर जुडीत सोळा संख्या मावतात. चार हजार ओळी आणि सव्वीस स्तंभ असलेला आपला मजुरीचा तक्ता सी भाषेत ओळीमागून ओळ असा साठवलेला असतो. आज्ञावलीने तो ओळीने वाचला, तर आणलेल्या जुडीतील सोळाही संख्या ओळीने उपयोगी पडतात आणि संपूर्ण तक्त्यास ६,५०० खेपा पुरतात. तोच तक्ता स्तंभाने वाचला, म्हणजे पहिल्या दिवसाच्या चार हजार नोंदी, मग दुसऱ्या दिवसाच्या, तर प्रत्येक जुडीतून एकच संख्या घेतली जाते. पुढील दिवसासाठी तीच जुडी पुन्हा लागेपर्यंत ३२ हजार बाइटांच्या लहानशा शीघ्रस्मृतीतून ती हुसकली गेलेली असते. खेपा एक लाख चार हजारांच्या घरात जातात. बेरीज तीच, उत्तर तेच. फोरट्रान भाषेत साठवण नेमकी उलट, म्हणजे स्तंभाने असते. त्यामुळे एका भाषेत शिकलेली सवय दुसरीत घातक ठरते, याची शिक्षकांनी विद्यार्थ्यांस जाणीव द्यावी.

घरी बिड्या वळताना एकजण पाने कापते, दुसरी वळून दोरा बांधते, तिसरी तोंडे बंद करते. एक बिडी पूर्ण होण्यास लागणारा वेळ यामुळे घटत नाही, परंतु दर थोड्या क्षणांनी एक बिडी तयार होऊन बाहेर पडते. प्रक्रियकातही सूचना आणणे, ती उलगडणे, क्रिया करणे आणि उत्तर ठेवणे ही कामे अशीच साखळीने चालतात. पाने कापून झाली नाहीत तर वळणारी थांबते. त्याचप्रमाणे आधीच्या सूचनेचे उत्तर हाती येईपर्यंत पुढील सूचना अडून राहते. मधल्या रिकाम्या वेळात दुसरी स्वतंत्र सूचना बसवून देणे, हे अनुवादकाचे आणखी एक काम. सूचनेत ‘जर-तर’ आले की प्रश्न बिकट होतो. छाट निघाली तर एक वाट, न निघाली तर दुसरी. प्रक्रियक मागील अनुभवावरून अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज चुकला, तर साखळीतील अर्धवट काम टाकून द्यावे लागते.

अनुवादक आणि प्रक्रियक यांची रचना एकत्रच करावी, हा विचार आयबीएममध्ये जॉन कॉक यांनी १९७५ पासून ८०१ या प्रकल्पात राबविला. तोवर प्रक्रियकात अधिकाधिक गुंतागुंतीच्या सूचना घालण्याकडे कल होता. कॉक यांना असे आढळले की, अनुवादक त्यांतील बऱ्याच सूचना वापरतच नाहीत. मग थोड्या, साध्या पण जलद सूचना ठेवाव्या आणि गुंतागुंत अनुवादकाने सांभाळावी. पॅटरसन व हेनेसी यांनी १९८० नंतर हीच दिशा विद्यापीठांतून दृढ केली. आज बहुतेक भ्रमणध्वनींतील प्रक्रियक याच कुळातील आहेत.

पुणे, पाऊस आणि परम

या विद्येचा शेतकऱ्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध पावसाचा आहे. हवामानाचा अंदाज वर्तविणारी आज्ञावली पृथ्वीचे पृष्ठ चौकटींत विभागते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, कालाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, आणि काम आठपट वाढते. उद्याचा अंदाज परवा हाती आला, तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून येथे वेगाला पर्याय नाही. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला असता अधिक शक्तीचा नमुना नाकारण्यात आला. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ साली पुण्यात स्थापन झाले ते या पार्श्वभूमीवर. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एकच बलाढ्य प्रक्रियक नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रक्रियक परस्परांस जोडलेले होते.

अनेक हातांना एकच काम वाटून देणे वाटते तितके सरळ नसते. शंभर मिनिटांच्या कामातील ऐंशी मिनिटांचा भागच वाटून देता येत असेल आणि त्यावर चार प्रक्रियक लावले, तर तो भाग वीस मिनिटांवर येतो, परंतु एकूण वेळ पंचवीस नव्हे, चाळीस मिनिटे होतो. न वाटता येणारी वीस मिनिटे तशीच राहतात. हजार प्रक्रियक लावले तरी वीस मिनिटांच्या खाली जाता येणार नाही. हा नियम जीन ॲमडाल यांनी १९६७ साली सांगितला. अशा यंत्रांवरील आज्ञावल्या म्हणूनच नव्याने रचाव्या लागतात. हे काम अनुवादकावर सर्वस्वी सोपविता येत नाही. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्का’ हे महासंगणक आले. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे.

प्रक्रियक देशात रचण्याचेही प्रयत्न झाले आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. माधव देसाई यांच्या मार्गदर्शनाखाली रचलेला ‘अजित’ हा प्रक्रियक २०१९ मध्ये पुढे आला. तो मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार करण्यात आला. त्याचा सूचनासंच नवा नसून स्पार्क या जुन्या, प्रसिद्ध प्रमाणाचा आहे. यातील व्यवहारी शहाणपण उघड आहे : सूचनासंच प्रमाणित असला की जगातील तयार अनुवादक आपल्या प्रक्रियकास लगेच उपयोगी पडतात.

शाळेत करावयाचा प्रयोग

बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. सीमाभागातील अनेक मुलेमुली त्याच्या संलग्न महाविद्यालयांत किंवा कोल्हापूर-पुण्यास संगणकशास्त्र शिकतात. तेथे हा विषय त्यांच्यापुढे इंग्रजीतून आणि एकदम येतो. त्याची तोंडओळख शाळेतच, आपल्या भाषेतून झाली तर ती उपकारक ठरेल. यासाठी महाग यंत्र लागत नाही. प्रयोगशाळेत दहा वर्षांचा जुना संगणक असला तरी चालतो.

सी भाषेत चार हजार ओळी व चार हजार स्तंभांचा तक्ता घ्यावा. त्यातील सर्व संख्यांची बेरीज एकदा ओळीने व एकदा स्तंभाने करावी आणि दोन्ही वेळा नोंदवाव्या. प्रथम जीसीसी अनुवादकास इष्टतमीकरण पूर्ण बंद ठेवण्यास सांगावे, नंतर दुसऱ्या स्तराचे इष्टतमीकरण करण्यास सांगावे. चार वेळा फळ्यावर मांडून मुलांना कारणे विचारावीत. एकाच मापनावर विसंबू नये. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून मधली वेळ घ्यावी, कारण संगणक त्याच वेळी इतरही कामे करीत असतो.

दुसऱ्या स्तरावर वेळ जवळजवळ शून्य आली, तर यंत्र अद्भुत आहे असे समजू नये. बेरीज काढली परंतु ती कोठेही वापरली नाही, हे अनुवादकाने ओळखलेले असते आणि निरुपयोगी ठरवून ती संपूर्ण आवर्तनमालाच वगळलेली असते. हे टाळण्यासाठी आज्ञावलीच्या अखेरीस बेरीज पडद्यावर छापण्याची सूचना अवश्य लिहावी.